मुळांच्या आधी

डिसेंबर लागला की आमच्या नरखेड तालुक्यात बाहेरून आलेल्या माणसाला एक गोष्ट कळत नाही. विहिरीत पाणी आहे, लाइन आहे, गव्हाला नि हरभऱ्याला ओलित चालू आहे, आणि त्याच वावरातला संत्र्याचा बगीचा मात्र मुद्दाम तहानलेला ठेवलाय. पानांचा तजेला जातो, कडा आत वळतात, दुपारी पानं लोंबायला लागतात. याला आम्ही ताण देणं म्हणतो. आंबिया बहारासाठी डिसेंबरपासून साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत, मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो. ताण नीट बसला आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. कमी बसला तर नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर फांद्या वाळतात. माझे वडील दुपारच्या वेळी एक पान बोटांत धरून पाहायचे आणि आईला सांगायचे, "अजून आठ रोज." शाळा त्यांची चौथीतच सुटली होती, पण पानाच्या आत काय चाललंय याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

त्याच बगिच्याच्या पैशावर मी नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकले आणि परत येऊन इथेच अकरावी-बारावीच्या पोरांना ते शिकवत आले. पाठ्यपुस्तकात वनस्पतींची उत्क्रांती थोडक्यात उरकलेली असते: आधी शैवाल, मग शेवाळी, मग नेचे, मग बिया, शेवटी फुलं. पोरं नावं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, विसरतात. मला हे कायम खटकत आलंय. पाणी आणायचं कुठून आणि आलेलं टिकवायचं कसं, हा प्रश्न आमच्या तालुक्याला दरवर्षी पडतो. विहिरी आटतात, बोअर शेकडो फूट खाली जातात, भूजल खालावलेल्या भागासाठीचा 'डार्क झोन' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळलाय. जमिनीवर आलेल्या पहिल्या वनस्पतीपुढे नेमका हाच प्रश्न होता. त्यावर तेव्हा निघालेले उपाय आजही प्रत्येक संत्र्याच्या झाडात चालू आहेत, आणि ते समजून घ्यायला आमच्या पोरांना नरखेडबाहेर फार लांब जावं लागत नाही.

ताणापासूनच सुरुवात करू. जमीन सुकायला लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांपर्यंत, म्हणजे पर्णरंध्रांपर्यंत पोचतं. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन पेशी असतात. त्या पाणी सोडून सैल पडतात आणि छिद्र मिटतं. वाफ होऊन जाणारं पाणी थांबतं, पण त्याच छिद्रातून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही थांबतो. वाढ खुंटते, आणि फुलोऱ्याची तयारी या थांबलेल्या काळात होते. बंद व्हायचा निरोप ओळखणारी प्रथिनं पेशीत नसतील तर हे काहीच घडणार नाही. ही प्रथिनं आली कुठून?

२०१९ साली 'सेल' या नियतकालिकात दोन हिरव्या शैवालांचे पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाले. ओलसर पृष्ठभागावर वाढणारी, अगदी साध्या रचनेची ही शैवालं. त्यांना पान नाही, खोड नाही, रंध्रं तर नाहीतच. तरी कोरडेपणाचा निरोप ओळखणाऱ्या त्या प्रथिनांच्या कुळातली जनुकं त्यांच्यात सापडली. ही जनुकं मुळात मातीतल्या जिवाणूंकडून शैवालात आली असावीत, असं त्या संशोधकांनी मांडलं. ज्या गटातली ही शैवालं, त्याच गटात स्पायरोगायरा येतं. शेततळ्यात किंवा वापरात नसलेल्या टाक्यात हात घातला की बुळबुळीत हिरवे केसांएवढे धागे लागतात, ते बहुतेक वेळा हेच. त्याच वर्षी हजाराहून अधिक वनस्पती व शैवालांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली, आणि तीतूनही पक्कं झालं की जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचे सर्वांत जवळचे पाण्यातले नातलग याच गटात आहेत. संत्र्याचं झाड ताण ओळखतं, त्या क्षमतेचे सुटे भाग झाड नावाची चीज पृथ्वीवर यायच्या आधीच तयार होऊ लागले होते.

आता साधारण ५० कोटी वर्षं मागे जाऊ. समुद्रात जिवांची गर्दी आहे आणि जमीन उघडी आहे. खडक, वाळू, ओल्या जागी जिवाणूंचे नि शैवालांचे पातळ थर, बाकी काही नाही. आमच्या काळ्या मातीसारखी माती तर कुठेच नव्हती. गोड्या पाण्याची डबकी भरायची आणि आटायची. आटणाऱ्या डबक्याच्या काठावर जे शैवाल चार दिवस जास्त तग धरेल, त्याला पुढच्या पावसापर्यंत पोचायची संधी. बाहेर उजेड भरपूर होता, कार्बन डायऑक्साइड भरपूर होता, खायला येणारं कोणी नव्हतं. अडचणी मात्र तशाच मोठ्या होत्या. ऊन अंगाला वाळवणार, अतिनील किरण पेशी जाळणार, पाण्यात आपोआप मिळणारे क्षार इथे दगडात अडकलेले, आणि पिलावळ पसरायला पाण्याचा प्रवाह नाही.

पहिला टिकाऊ पुरावा मिळतो तो बीजाणूंचा. बीजाणूवर एक असं कवच असतं की जे वाळत नाही, कुजत नाही, आणि आम्लानेही सहज विरघळत नाही. क्लॉडिया रुबिनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अर्जेंटिनातल्या सुमारे ४७ कोटी वर्षं जुन्या खडकांतून असे बीजाणू काढून दाखवले. त्याआधी २००३ मध्ये चार्ल्स वेलमन यांनी ओमानच्या खडकांतून बीजाणू आणि ज्या पिशवीत ते तयार होतात तिचे तुकडेही मिळवले होते. आख्खी वनस्पती दगडात दिसायला मात्र आणखी काळ जावा लागला. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीची कुक्सोनिया काही सेंटिमीटर उंचीची होती. तिला पान नव्हतं, फूल नव्हतं, फक्त दोन-दोन फाटे फुटत गेलेली हिरवी काडी आणि टोकाला बीजाणूंची पिशवी.

पोरांना कुक्सोनियाचं चित्र दाखवलं की त्यांची निराशा होते. एवढंच? मग मी त्यांना जुलैमध्ये बगिच्यात नेते. संत्र्याच्या सावलीत, दांडाच्या काठाला, धुऱ्यावर, जिथे नांगर फिरलेला नाही अशा ओल्या मातीवर रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या उगवलेल्या असतात. चकतीच्या कडा दोन-दोन भागांत फाटत गेलेल्या, मध्ये बारीक खाच. ही रिक्सिया. दरवर्षी कोणी ना कोणी मला वाटेत थांबवून विचारतं, "मॅडम, वावरात हिरवी बुरशी आली हाय, काय फवारू?" मी सांगते, "भाऊ, काहीच नका फवारू. बुरशी नाही ती, लहानशी वनस्पती आहे. झाडाचं काही घेत नाही, उलट माती धरून ठेवते." रिक्सियाला मूळ नाही. खालच्या अंगाला केसासारखे बारीक तंतू असतात, ते तिला मातीला धरून ठेवतात. पाणी ती सगळ्या अंगाने पिते. ऊन वाढलं की चकती गुंडाळून वाळते, आणि तिचे बीजाणू मातीत पडून राहतात, पुढच्या पावसाची वाट पाहत.

रिक्सिया, मॉस म्हणजे भिंतीवरचं मखमली शेवाळ, आणि शिंगासारखी काडी काढणारा तिसरा एक गट, या तिघांना पूर्वी जिन्याच्या खालच्या पायऱ्या मानत. आधी ही झाली, मग यांच्यापासून नेचे, मग पुढचे. माझ्या स्वतःच्या शिक्षणात मी तेच शिकले. गेल्या काही वर्षांतल्या जनुकांच्या तुलनेने हा जिना मोडला. आता बहुतेक पुरावा असं सांगतो की हे तिन्ही गट मिळून एक शाखा आहेत, आणि नेच्यांपासून संत्र्यापर्यंतची सगळी मंडळी दुसरी. दोघांचा पूर्वज एक. म्हणजे रिक्सिया ही संत्र्याची आजी नव्हे, चुलत बहीण. तिच्याही मागे तितकीच लांब वाटचाल आहे, आणि तिच्या अंगाचा साधेपणा काही अंशी तरी नंतर पत्करलेला आहे. रिक्सियाच्या गटात पर्णरंध्रं नाहीत, पण मॉसमध्ये आहेत. त्यावरून सामाईक पूर्वजाकडे ती असावीत आणि रिक्सियाच्या घराण्यात नंतर गेली असावीत, असं आज मानलं जातं. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. जी जागा, जो पाऊस, जे आयुष्य मिळालं त्याला पुरेसं असेल तेवढंच अंग तिने ठेवलं. 'खालच्या दर्जाच्या वनस्पती' हा शब्दप्रयोग मी तेव्हापासून वर्गात वापरत नाही.

पोरांना मी नेते ती दुसरी जागा म्हणजे जुनी दगडी विहीर. बांधलेल्या विहिरीच्या आतल्या बाजूला, दगडांच्या सांध्यांतून, पाण्याच्या वर हंसराज लोंबत असतो. काळे चकचकीत देठ आणि त्यावर पंख्याच्या आकाराची नाजूक पानं. हा नेचा. रिक्सिया जमिनीला चिकटून राहते, हंसराज मात्र अंग उचलतो, कारण त्याच्या देठातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या आहेत. त्या नळ्यांच्या भिंतींत लिग्निन नावाचा टणक पदार्थ असतो. नळी दबत नाही आणि देठ ताठ राहतो, अशी दोन कामं एकाच पदार्थाने होतात. संत्र्याच्या खोडापासून सागवानाच्या दारापर्यंत सगळं लाकूड हे याच युक्तीचं पुढचं रूप आहे.

पण हंसराज विहीर का सोडत नाही? त्याचं उत्तर १८५१ साली जर्मनीतल्या विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी दिलं. हे गृहस्थ पुस्तकांच्या नि संगीताच्या छपाईचा घरचा धंदा सांभाळत, कॉलेजात कधी शिकले नव्हते, आणि पहाटे उठून सूक्ष्मदर्शकाशी बसत. त्यांनी दाखवलं की मॉस, नेचे आणि सूचिपर्णी झाडं या सगळ्यांच्या आयुष्यात दोन पिढ्या आलटून पालटून येतात. एक पिढी बीजाणू तयार करते, दुसरी नर आणि मादी पेशी. नेच्याचा बीजाणू ओल्या दगडावर पडला की त्याचा नखापेक्षा लहान, चपटा, हिरवा तुकडा होतो. ती दुसरी पिढी. तिच्यातल्या नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावं लागतं. पाण्याचा एक पापुद्रा पुरतो, पण तो लागतोच. जमिनीवर येऊन कोट्यवधी वर्षं झाली तरी लग्नासाठी पाणी लागतं, हे बंधन नेच्यांचं सुटलेलं नाही. विहिरींची पातळी खाली गेली, दगडी बांधकामाच्या जागी सिमेंटच्या रिंगा आल्या, की हंसराज जातो. आमच्या भागात अशा विहिरी कमी होताना मी पाहते आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आता स्कॉटलंडला जायला हवं, कारण या सगळ्या गोष्टीचा गाभा तिथे आहे. १९१२ साली विल्यम मॅकी नावाच्या डॉक्टरांना अ‍ॅबर्डीनशायरमधल्या ऱ्हायनी गावाच्या आसपास, शेतांच्या कडेला रचलेल्या दगडांत, एक वेगळा दगड दिसला. त्यांनी त्याचे पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि आत वनस्पतींची खोडं दिसली. सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. पाण्यातल्या सिलिकाने काठची झुडपं उभीच्या उभी, पेशीन् पेशी जपून ठेवली. रॉबर्ट किडस्टन आणि विल्यम लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांच्यावर पाच मोठे प्रबंध लिहिले. ऱ्हायनिया आणि अ‍ॅस्टेरोझायलॉन ही नावं त्यांतून शास्त्रात आली; आज ज्यांना अ‍ॅग्लाओफायटॉन आणि हॉर्निओफायटॉन म्हणतात त्यांचंही वर्णन त्यांत होतं, पण ही नावं त्यांना नंतर मिळाली. बहुतेक झाडं वीतभर उंचीची. खोडाच्या सालीवर पर्णरंध्रं स्पष्ट दिसतात, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या पेशींसकट. वर मेणासारखा पाणी रोखणारा पापुद्रा आहे. माझे वडील बोटांत धरून तपासायचे ती व्यवस्था तिथे पूर्ण तयार आहे. फरक एवढाच, की ती खोडावर आहे, कारण पान अजून झालेलं नाही.

आणि मूळही झालेलं नाही. अ‍ॅग्लाओफायटॉनचं खोड आडवं सरपटतं, मातीला टेकलं तिथे बारीक तंतू सोडतं, बस्स. मग दगडात अडकलेलं स्फुरद त्याला मिळत कसं होतं? १९९४ साली विन्फ्रीड रेमी, थॉमस टेलर, हागेन हास आणि हान्स केर्प यांनी अ‍ॅग्लाओफायटॉनच्या खोडाच्या कापांत, जिवंत पेशींच्या आत, फांद्या-फांद्यांनी पसरलेली बुरशी दाखवली. हा आकार वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ओळखीचा आहे. आज बहुसंख्य झाडांच्या मुळांत हीच रचना दिसते. कृषी केंद्रात 'मायकोरायझा' म्हणून पुडे मिळतात, त्यात हीच बुरशी असते. तिचे धागे मातीत लांबवर जातात, स्फुरद आणि पाणी आणतात, आणि झाड तिला आपलं अन्न देतं. मूळ तयार व्हायच्या आधी ही देवाणघेवाण चालू होती. वनस्पती जमिनीवर एकटी आली नाही, हे मला सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं.

आमच्याकडे बुरशी म्हटलं की डिंक्या आठवतो. खोडातून डिंक गळतो, साल सडते, झाड बसतं. मोरचूद नि चुन्याचं बोर्डो मलम खोडाला लावलेलं तुम्ही रस्त्यानेही पाहिलं असेल. डिंक्या ज्या फायटोप्थोरामुळे होतो ती खरी बुरशीसुद्धा नाही. तिचं नातं तपकिरी शैवालांशी जवळचं आहे. उपद्रवी मंडळी ऱ्हायनीतही होती: तिथल्याच पाण्यातल्या एका शैवालाच्या पेशी परजीवी बुरशीमुळे सुजलेल्या दगडात दिसतात. मित्र आणि शत्रू दोन्ही तेव्हापासून सोबत आहेत, म्हणून सरसकट सगळ्या बुरशीला मारणारं औषध मातीत ओतताना हात आखडावा, असं माझं मत आहे.

यापुढचा वेग मोठा आहे. ऱ्हायनीतली वीतभर झुडपं आणि खरं जंगल यांच्यात दोन-अडीच कोटी वर्षांचंच अंतर. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात गिल्बोआ इथे सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे बुंधे उभे सापडले आहेत, आणि जवळच्या कैरो गावात त्याच सुमाराच्या झाडांची दूरवर पसरलेली मुळं. मुळांनी दगड फोडला, कुजलेल्या पाल्याने तो काळा केला. त्याआधी नद्यांचं वागणंही वेगळं होतं. विल्यम मॅकमॅहन आणि नील डेव्हिस यांनी २०१८ साली जगभरच्या जुन्या नदीगाळाच्या खडकांचा हिशेब मांडला. वनस्पती जमिनीवर पसरू लागल्यावर त्या खडकांतलं चिखलाचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं दिसतं. त्याआधी बारीक माती वाहून थेट समुद्रात जायची. वनस्पतींनी ती तयारही केली आणि अडवलीही. वर्धा नि जाम नद्यांच्या काठच्या भारी जमिनीवर ज्यांचं घर चालतं, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग बी आली, सुमारे ३६-३७ कोटी वर्षांपूर्वी. बीने नेच्यांचं ते पोहण्याचं बंधन तोडलं. मादी पिढी आईच्या अंगावरच, आवरणात राहिली. नर पिढी परागकणात बंद होऊन वाऱ्यावर निघाली. जमीन कोरडी असली तरी वंश चालू लागला.

नागपूर जिल्ह्याचं या कथेतलं पान इथे सुरू होतं. आमच्या पूर्वेला सावनेर, तिथून कामठी, दक्षिणेला उमरेड, सगळीकडे कोळशाच्या खाणी. हा कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या काळातल्या दलदलीच्या जंगलांचा, आणि त्या जंगलांत प्रमुख झाड ग्लॉसॉप्टेरिस. जिभेच्या आकाराचं पान, मधली शीर ठळक, बाजूच्या शिरांची जाळी. १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा चालवता चालवता दगड गोळा करत. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा त्यांचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये आला, आणि नागपूरहून गेलेल्या वनस्पती-जीवाश्मांचं वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये तिथेच छापलं. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या किती जणांना त्यांचे दगड ठाऊक आहेत, कोण जाणे. पुढे १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांत हेच ग्लॉसॉप्टेरिस होतं. अन्न संपत आलेलं असताना त्या माणसांनी दगड टाकले नव्हते. भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका एकेकाळी एकत्र होते, या म्हणण्याला या पानाने मोठा आधार दिला.

नरखेडचा स्वतःचा दगड मात्र त्यामानाने तरुण आहे. बोअर मारताना गाडीतून काळा चुरा येतो, मध्येच लालसर मातीचा थर लागतो, पुन्हा काळा. प्रत्येक काळा थर म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा, आणि मधला थर म्हणजे दोन लाव्ह्यांमधली उसंत. त्या उसंतीत काही ठिकाणी तळी साचली, झाडं वाढली, आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेली. आमच्या सीमेपलीकडे सौंसरच्या आसपास आणि छिंदवाड्याकडच्या मोहगाव-कलान इथे अशा तळ्यांतल्या वनस्पती सिलिकाने जपल्या गेल्या. ऱ्हायनीत घडलं तेच इथे घडलं, फक्त ३४ कोटी वर्षांनंतर. बिरबल साहनींनी यांच्यावर मन लावून काम केलं. १९४३ साली त्यांनी आणि एच. एस. राव यांनी सौंसर परिसरातल्या वनस्पतींचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात अझोला इंटरट्रॅपिया हा तरंगता नेचा आहे. आज आमच्याकडे गोठ्यामागे खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून गाईसाठी जो अझोला वाढवतात, त्याच वंशातला. मोहगावच्या दगडांकडे लक्ष वेधणाऱ्या के. पी. रोडे यांचं नाव साहनींनी मार्सिलियाच्या कुळातल्या एका पाणनेच्याला दिलं: रोडेइटीज. बहुतेक दगडांत ताड, फळं, फुलं आहेत. फुलांच्या वनस्पती जमिनीवर पसरायला लागून तोवर सहा-सात कोटी वर्षं उलटली होती.

दगडांतली आणखी एक साक्ष विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. तोवर समजूत अशी की डायनोसॉर गेल्यानंतरच गवतं महत्त्वाला आली. विदर्भातल्या शेणाने ती खोडली.

संत्रा या सगळ्यात फार उशिरा येतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार लिंबूवर्गीय झाडांचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी. या वर्गाने बीच्या बाबतीतही एक वेगळी वाट काढली आहे. खुंटासाठी लावतात त्या जंबेरी लिंबाची एक बी लावली तर पुष्कळदा दोन-तीन रोपं फुटतात, आणि त्यांतली बहुतेक नर-मादी पेशी एकत्र न येताच, थेट आईच्या पेशींपासून झालेली असतात. म्हणून खुंटांची सगळी रोपं एकसारखी निघतात, आणि म्हणून नर्सरीवाल्याचं चालतं. त्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा. वर एक जात, खाली दुसरी.

आणि खाली, मुळात, तीच बुरशी. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांना केस फार कमी असतात. इतर झाडं मूलकेशांनी जे काम करतात, ते इथे मोठ्या प्रमाणात बुरशी करते. वर्गात आम्ही बगिच्यातून जंबेरीची बारीक मुळं आणतो, कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवून त्यांचा रंग काढतो, मग व्हिनेगर आणि पेनाची शाई घालून उकळतो. काचपट्टीवर मूळ दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की पेशीच्या आत निळी, फांद्या फुटलेली बुरशी दिसते. शेजारी ऱ्हायनीच्या दगडातल्या पेशीचा फोटो ठेवते. पोरं एकदा इकडे, एकदा तिकडे पाहतात. डीएपी सढळ हाताने पडलेल्या वावरातलं मूळ आणलं तर बुरशी कमी दिसते. स्फुरद आयतं मिळालं की झाड तिला पोसणं कमी करतं.

अशाच एका तासाला भिष्णूरकडून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मंग पयले कोण आलं, झाड का बुरशी? अन झाडाले कसं कळलं का हे आपल्याले मदत करते?" मी तिला दोन शोधांबद्दल सांगितलं. २०१५ साली प्येर-मार्क देलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बुरशीचा निरोप ओळखायला लागणारी काही जनुकं पाण्यातल्या शैवालांमध्येच होती. म्हणजे ओळख पटवायची निम्मी तयारी जमिनीवर यायच्या आधीची. उरलेली जनुकं जमिनीवर आल्यावर जोडली गेली. आणि २०२१ साली त्याच गटाने मार्शॅन्शिया पॅलेशिया या रिक्सियाच्या नातलग वनस्पतीवर प्रयोग केला. तिला मूळ नाही, नळ्या नाहीत, लाकूड नाही. तरी तिच्या अंगात ही बुरशी राहते, आणि वनस्पती तिला चरबी पुरवते, फुलांची झाडं पुरवतात तशीच. चरबी तयार करण्याचा आदेश देणारं एक जनुक संशोधकांनी बंद केलं, तेव्हा बुरशीला त्या वनस्पतीत नीट पसरता आलं नाही. चरबी पुरवण्याची ही व्यवस्था दोन्ही शाखांमध्ये आहे, त्यामुळे ती दोघींच्या सामाईक पूर्वजापासून चालत आली असली पाहिजे. त्या मुलीने वहीत दोन फाटे काढले, एकावर मार्शॅन्शिया लिहिलं, दुसऱ्यावर जंबेरी, आणि जिथे फाटे जुळतात त्या ठिकाणी, मी न सांगता, बुरशी लिहिलं.